मदत हवी आहे: क्विनीनने विहिरीतलं क्लोराइड मोजताना आकडे जुळत नाहीत

नमस्कार मंडळी. एमएससीच्या प्रोजेक्टसाठी किनाऱ्यालगतच्या विहिरींतलं क्लोराइड क्विनीन सल्फेटने मोजतेय. क्विनीन ०.०५ मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये, ३५० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की ४५० च्या आसपास निळी चमक. क्लोराइड वाढलं की ती मंदावते. शुद्ध मिठाच्या द्रावणांवर स्टर्न-व्होल्मर आलेख (क्लोराइडच्या प्रमाणानुसार चमक किती पट घटली ते दाखवणारा) इतका सरळ येतो की बघून जीव सुखावतो! पण विहिरीच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनपेक्षा (क्लोराइड मोजायची नेहमीची रासायनिक पद्धत) क्लोराइड बरंच जास्त दिसतं, गढूळ, पिवळसर नमुन्यांत तर सर्वाधिक. पाण्याचा रंगच प्रकाश शोषत असेल का? पाण्याच्या रंगाने न बदलणारा लाइफटाइम (चमक विझायला लागणारा वेळ) मोजायची सोय इथे नाही. लोक हे पाणी पितात, म्हणून आकडा खराच हवा. गाळून, ॲब्सॉर्बन्सवरून (पाणी किती प्रकाश शोषतं त्या मापावरून) दुरुस्ती केली तर पुरेल, की आणखी काही करावं? कुणी प्रत्यक्ष केलं असल्यास कृपया सविस्तर सांगा.