दंडाचा आकडा आणि वसुली

"दंड मोठा ठोठावला की कंपन्या सरळ होतात" असं म्हणतात, ते मला पटत नाही. सिमेंटचंच बघा. संगनमताने भाव चढे ठेवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 2012 मध्ये 11 सिमेंट कंपन्यांना सुमारे 6,300 कोटींचा दंड केला. 2015 मध्ये अपिलात आदेश रद्द! का, तर युक्तिवादाला हजर नसलेल्या आयोगाच्या अध्यक्षांनी त्यावर सही केली होती. (इतकं साधं पथ्य पाळता येऊ नये?) 2016 मध्ये पुन्हा सुनावणी, पुन्हा दंड. 2018 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला, पण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर तूर्त 10 टक्के भरा, एवढंच. तोवर घरं बांधणाऱ्यांनी पोती घेतलीच, मिळेल त्या भावाने.