पर्किन्स ४.१०८ जाम, पार्ट मिळत नाहीत. काढून टाकू का?

शीडवेडा:
जाणकारांनो, जुनी शिडाची बोट घेतली, तिच्यात पर्किन्स ४.१०८ हे डिझेल इंजिन आहे. बरीच वर्षं बंद. क्रँकच्या नटाला पाना लावला तर तसूभरही हलत नाही. एक्झॉस्टच्या एल्बोला (धूर बाहेर नेणाऱ्या वाकड्या नळीला) हात लावला की गंजाचे पापुद्रे निघतात. पार्ट विकणारे एक जण म्हणाले, 'हे मॉडेल बंद झालंय, नवीन इंजिनच बसवा.' तसं केलं तर बेड (इंजिनची बैठक), शाफ्टची लाइन, गिअरबॉक्स, सगळ्यालाच हात घालावा लागेल. यात काही उरलंय का?

लेथवाला:
उरलंय की नाही ते हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उघडल्यावर ठरेल, विक्रेत्याच्या तोंडून नाही.

आधी पार्टचं. 'बोटीचे पार्ट' म्हणून शोधणं सोडा. ४.१०८ म्हणजे ४ सिलिंडर, १०८ घनइंच, साधारण १.७६ लिटर. हेच इंजिन व्हॅनमध्ये आणि कारखान्यांच्या यंत्रांमध्येही बसायचं. त्यामुळे पिस्टन, रिंगा, मेन बेअरिंग, गॅस्केट सेट, नॉझल हे सगळं त्या बाजूने शोधायचं. समुद्राचं म्हणून वेगळं फार थोडं: एल्बो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग), हीट एक्स्चेंजर (खाऱ्या पाण्याने इंजिनचं पाणी गार करणारा भाग), खाऱ्या पाण्याचा पंप. खरी वणवण एवढ्यांचीच.

त्यातला एल्बो चांगल्या वेल्डरकडून ३१६ स्टेनलेसमध्ये करून घेता येतो. पण जुना फेकू नका, मापाला लागेल. गार करून आलेलं खारं पाणी धुरात जिथे मिसळतं ती जागा मॅनिफोल्डच्या तोंडाच्या खालीच हवी आणि तिथून मफलरपर्यंत सलग उतार. इथे चूक झाली की इंजिन बंद केल्यावर पाणी उलटं येऊन एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. तुमचं जाम होण्याचं कारणही तेच असावं असा माझा संशय आहे.

आणि रंग सगळ्यात शेवटी. रंगाचा डबा आधी आणणाऱ्यांची अर्धवट इंजिनं विकायला निघालेली बरीच पाहिलीत.

डिझेलकाका:
लेथवाल्यांशी सहमत. जाम सोडवण्याबद्दल थोडं. स्टार्टर मारून पाहू नका. आत पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. चारही इंजेक्टर काढा, एल्बोही सोडवा. मग एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं करून इंजेक्टरच्या भोकांतून ओता. हे इनडायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन, त्यामुळे तेल आधी प्रीचेंबरमध्ये (सिलिंडरच्या वरच्या छोट्या कप्प्यात) साठतं आणि हळूहळू खाली उतरतं. घाई नको. अ‍ॅसिटोनची वाफ पेट घेते, म्हणून बोटीचं झाकण उघडं ठेवा आणि जवळ ठिणगी नको. रोज पान्याने थोडं पुढे, थोडं मागे. लांब पाइप घालून झटका दिलात तर रिंग तुटेल.

इतकं करूनही हललं नाही तर हेड काढा. ४.१०८ला ड्राय लायनर (सिलिंडरच्या आत बसवलेल्या नळ्या) आहेत, गंजाने खड्डे पडले असतील तर बदलता येतात. ब्लॉक जात नाही.

हीट एक्स्चेंजर सौम्य आम्लाने धुणार असाल तर झिंकची कांडी (बाकी धातूऐवजी स्वतः गंजावी म्हणून बसवलेली) आधी काढा, नाहीतर आम्ल तिलाच खात बसेल.

शीडवेडा:
दोघांचेही आभार. एटीएफ ओतलंय. हात रिकामे होते म्हणून पाण्याचा पंप उघडला. इंपेलरची (पाणी ढकलणाऱ्या चाकाची) पाती मोडलेली, बेअरिंग खडखडतंय. त्यावर फक्त ६२०३ एवढंच लिहिलंय. कोणत्या कंपनीचं मागवू?

लेथवाला:
कोणत्याही चांगल्या कंपनीचं. ६२०३ हा जगभर एकच आकार आहे: आतून १७, बाहेरून ४०, जाडी १२ मिमी. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतलं माप मिळतं, पण ते ०४पासून पुढे. ०३ला १७च. दोन्ही बाजूंना रबर असलेलं घ्या, त्यावर २आरएस लिहिलेलं असतं.

ऑइल सीलही पार्ट नंबरने मागू नका. शाफ्टचा व्यास, घराचा व्यास आणि जाडी मोजून मागा. पंपात दोन सील असतील, एक पाण्याच्या बाजूचं, एक तेलाच्या, आणि मधे खाली एक बारीक भोक. ते तारेने मोकळं करा. पाण्याचं सील गेलं की थेंब तिथून बाहेर पडायला हवेत. भोक बुजलेलं असेल तर तेच पाणी तेलाच्या बाजूला शिरतं. इंपेलरवर उरलेली पाती मोजा. जेवढी कमी भरतील तेवढे तुकडे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेले असणार, ते काढा.