थिन फाँट मजकुराला लावूच नये असं माझं मत, तुमचं काय?

वेलांटी:
चार दिवस डोक्यात हेच चाललंय म्हणून धागा काढतेय. औषधांच्या वेळांची आठवण करून देणारं एक अ‍ॅप आहे, मी त्याचं टेस्टिंग करते, आणि डिझायनरने सगळा मजकूर थिन, म्हणजे अगदी बारीक रेघेच्या, सॅन्स-सेरिफमध्ये (टोकांना शेपट्या नसलेल्या फाँटमध्ये) लावलाय, वर रंग फिक्कट राखाडी. आईच्या हातात दिलं तर तिने फोन आधी लांब धरला, मग जवळ आणला, मग चष्मा पुसला आणि शेवटी म्हणाली हा १ आहे की ९ ते तूच सांग. गोळीची वेळ आहे हो ती! मोठ्या मथळ्याला थिन लावा, छानच दिसतो, पण वाचायच्या मजकुराला रेग्युलरच पाहिजे.

ग्रिडवाला:
दोष फाँटचा नाहीये, लावणाऱ्याचा आहे. फाँट-डिझायनर फ्रुटिगरने १९५७ ला युनिव्हर्स हा फाँट आणला तेव्हाच हलकी-जाड वजनं, म्हणजे रेघेच्या जाड्या, आकड्यांनी रीतसर मांडली होती, ४५ म्हणजे लाइट, ५५ म्हणजे रेग्युलर, त्यामुळे हलकं वजन हे काही आजचं फॅड नाही. आणि थिन काढणं सगळ्यात अवघड काम आहे, जाड अक्षरात गोलाई जरा बिघडली तरी खपून जाते, इथे o चा गोल किंवा R चा पाय केसभर चुकला की लगेच दिसतं. अक्षराचा सांगाडाच समोर येतो आणि मला तोच आवडतो. तुम्ही राखाडी काढून काळा करा, साइझ दोन पॉइंट वाढवा, प्रश्न मिटेल.

काळीशाई:
नाही मिटणार, हिशोब करून बघा. एम, म्हणजे अक्षर ज्या चौकटीत काढतात ती, १००० युनिटचा धरला आणि थिनचा उभा दांडा समजा २० युनिटचा आहे, तर १६ पिक्सेलला तो ०.३२ पिक्सेल होतो. पिक्सेलचा एक तृतीयांश तुकडा स्क्रीन रंगवू शकत नाही, मग ती अख्खा पिक्सेलच फिका करते, म्हणजे तुम्ही कोड काळ्याचा दिला तरी दिसणार राखाडीच. डब्ल्यूसीएजीचा (वेबवरचं सगळ्यांना वाचता यावं म्हणून केलेल्या नियमावलीचा) साध्या मजकुराचा ४.५:१ कॉन्ट्रास्ट रंगाच्या कोडवर मोजतात, तिथे तुम्ही पास होता आणि वाचणारा मात्र नापास. छपाईतही तेच, गडद पट्ट्यावर चार रंगांत पांढरं बारीक अक्षर रिव्हर्स काढलं (म्हणजे शाई न लावता कोरं सोडलं) आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचं एकावर एक बसणं, जरा हललं की रेघ बुजलीच, हे मी मशीनवर उभं राहून पाहिलंय.

ग्रिडवाला:
हा हिशोब जुन्या स्क्रीनचा झाला. तिप्पट डेन्सिटीच्या, म्हणजे तिप्पट दाट पिक्सेलच्या फोनवर १६ चे ४८ होतात, तुमचाच दांडा ०.९६ पिक्सेलचा, म्हणजे जवळजवळ पूर्ण. रॅलवे हा फाँट २०१० मध्ये नुसत्या थिन वजनात आला होता, तरी लोकांनी उचलून धरलाच ना?

अनुस्वार:
उचलला, पण तो मुळात मथळ्यांसाठीच होता आणि २०१२ मध्ये त्याला बाकीची वजनं जोडली गेली, म्हणजे एकट्या थिनवर भागत नव्हतं. अ‍ॅपलचंही बघा, २०१३ मध्ये आयओएस ७ च्या बीटा, म्हणजे चाचणी आवृत्तीत हेल्वेटिका नॉय फाँटचा लाइट लावला, लोकांनी ओरड केली, तर रिलीजच्या आधीच रेग्युलर केला, शिवाय अक्षरं ठळक करायची सेटिंग दिली, आणि तेव्हा त्यांच्याकडे चांगल्या रेटिना, म्हणजे दाट पिक्सेलच्या स्क्रीन होत्या. पिक्सेल पूर्ण भरला म्हणून रेघ डोळ्याला जाड होत नाही, उन्हात फोन धरून बघा.

आपल्या लिपीत अजून एक भानगड आहे, थिनमध्ये टिंब पण बारीक होतं. "घ्यायचं" चं "घ्यायच" दिसतं, "मोठं" चं "मोठ". बोलल्यासारखं मराठी लिहायचं तर सगळा भार त्या टिंबावर असतो, आणि तेच आधी गायब होतं. शिरोरेषा फिकी पडली की अक्षरं सुटी सुटी वाटतात ते वेगळंच.

ग्रिडवाला:
टिंबाचं पटलं, खरंच पटलं, डिझायनरने ते मुद्दाम मोठं काढायला हवं. पण उलट बाजूही बघ ना, जोडाक्षरात हलकं वजनच कामाला येतं. "द्ध" किंवा "ष्ट्र" जाड वजनात लहान साइझला लावून बघ, आतल्या सगळ्या फटी बुजून काळा गोळा होतो, हलक्यात प्रत्येक वळण मोकळं राहतं. पॉपिन्स फाँटमध्ये देवनागरी १०० वजनापासून आहे (या मोजणीत १०० म्हणजे थिन, ४०० म्हणजे रेग्युलर), मुक्तामध्ये २०० पासून, ती काय उगाच काढली असतील?

वेलांटी:
उगाच नाही, पण फटी मोकळ्या ठेवायला ३०० किंवा ४०० पुरतं की, १०० कशाला? आज मी असं सुचवलंय, वेळेचा मोठा आकडा ६४ पिक्सेलला थिनच ठेवायचा आणि खाली गोळीचं नाव, डोस, सूचना सगळं रेग्युलर आणि काळं. डिझायनर तयार झालाय.

काळीशाई:
अगं पण आईचा घोटाळा वेळेच्या आकड्यातच झाला होता ना? मग नेमका तोच थिन का ठेवतेस? ६४ ला दांडा सव्वा पिक्सेलच्या आसपास येतो हे मान्य, पण रात्री झोपेतून उठून, चष्म्याशिवाय वाचायची गोष्ट आहे ती. तो आकडाच आधी रेग्युलर कर आणि पुन्हा आईच्या हातात दे.