तारण, कृपा, विश्वास: जक्कयाने पैसे परत केले नसते तर?

नगरी_मळा (धागाकर्ता)

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दर रविवारी कुणी ना कुणी साक्ष देतं आणि बहुतेक साक्षी एकाच वाक्याने सुरू होतात, 'अमुक साली माझं तारण झालं', म्हणजे पापातून सुटका झाली. पुढे आजार बरा झाल्याचं, दारू सुटल्याचं सांगतात. दारू सुटणं ही लहान गोष्ट नव्हे, त्याबद्दल देवाचे आभारच. पण तरुणांच्या वर्गात मुलं मला विचारतात, 'सर, तारण म्हणजे मेल्यावर स्वर्गात जागा पक्की झाली, एवढंच ना?' आणि आपण मोठ्यांनीच त्यांना तसं शिकवलंय.

माझं म्हणणं असं की तारण, कृपा, विश्वास, पश्चात्ताप या चारही शब्दांतून आपण माणसाचं रोजचं वागणं बाहेर काढून टाकलंय. शास्त्रात तसं नाही. प्रेषित पौल आपल्या पत्रांत तारणाबद्दल तिन्ही काळांत बोलतो. रोमकरांस पत्रात (8:24) आपलं तारण झालं आहे, 1 करिंथ 1:18 मध्ये ते होत आहे, आणि रोम 5:9 मध्ये ते व्हायचं आहे. त्यामुळे नुसतं साल सांगून मोकळं होता येत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातल्या 19व्या अध्यायातला जक्कय बघा. यरीहोचा मुख्य जकातदार. या लोकांची कमाई कशी असायची ते बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या तोंडून कळतंच, तो जकातदारांना सांगतो की ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका (लूक 3:13). असा हा माणूस, बुटका, गर्दीत दिसेना म्हणून उंबरावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरतो. तेव्हा जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. आता मोशेचं नियमशास्त्र काय म्हणतं? आपला अपराध कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा (गणना 5:7). चौपट भरपाई ही मेंढरू चोरून कापणाऱ्याची किंवा विकणाऱ्याची (निर्गम 22:1). म्हणजे या माणसाने आपणहून स्वतःला चोराच्या रांगेत उभं केलं. आणि त्यानंतर येशूचं वाक्य येतं, आज या घराला तारण मिळालं.

बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आणि पुढच्या रविवारी साक्ष द्यायला उभं राहायचं, असे भाऊ आपल्या मंडळ्यांत आहेत. जक्कयाने 'माझं तारण झालं' असं म्हणून पैसे स्वतःकडेच ठेवले असते, तर येशू ते वाक्य बोलला असता का? माझं उत्तर 'नाही' असं आहे.

---

विदर्भातला_पाळक

बंधू, कळकळ पोचली. हक्कसोडीबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्दन् शब्द मान्य. पण मुळातला क्रम तुम्ही उलटा लावताय आणि त्याचे परिणाम फार वाईट होतात, ते मी जवळून पाहिलेत.

शास्त्रातले दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. एक, नीतिमान ठरणं. हा न्यायालयातला शब्द आहे. न्यायाधीश निकाल देतो आणि तो निकाल त्या क्षणी पूर्ण असतो. पौल तर म्हणतो की देव अधर्म्याला नीतिमान ठरवतो (रोम 4:5). सुधारलेल्या माणसाला नव्हे, अधर्म्याला! दुसरा शब्द पवित्रीकरण. ते आयुष्यभर चालतं, त्यात पडणं-उठणं असतं, आणि तुम्ही म्हणता ते सगळं वागणं तिथे येतं. तुमच्या लिखाणात दुसरी गोष्ट पहिलीची अट होऊन बसलीय.

जक्कयाचंच घ्या. येशूने उंबराखाली थांबून त्याला नावाने हाक मारली, 'आज मला तुझ्या घरी उतरायचंय' म्हटलं, तेव्हा त्याने एक पैसा तरी परत केला होता का? लोक कुरकुरले ते त्यामुळेच. आणि तारणाच्या त्या वाक्याला येशूने कारण कोणतं जोडलं? 'कारण याने चौपट दिलं' असं नाही म्हणाला. 'कारण हाही अब्राहामाचा पुत्र आहे' असं म्हणाला.

मी आजाऱ्यांच्या खाटेजवळ बसतो. आयुष्यभर 'फळं दाखवा, फळं दाखवा' हेच ऐकलेली म्हातारी माणसं शेवटच्या दिवसांत माझा हात धरून विचारतात, 'पाळकसाहेब, माझं पुरेसं झालं असेल का हो?' चाळीस-पन्नास वर्षं मंडळीत बसलेल्या माणसाला हा प्रश्न पडतो, तेव्हा त्याला शुभवर्तमान सांगितलंच गेलेलं नसतं. त्या माणसाला मी 'कृतीवाचून विश्वास निर्जीव' म्हणणारं याकोबाचं पत्र वाचून दाखवू? येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराकडे परत करायला काय होतं? हात खिळलेले होते. त्याला 'आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' म्हटलं गेलं (लूक 23:43).

---

पंढरीचा_वाटसरू

मी ख्रिस्ती नाही. घरात माळ आहे, वारी आहे. हे वाचताना नारायण वामन टिळकांची आठवण झाली, तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं त्यांनी म्हटलं होतं. आमच्याकडेही कृपा ही मागून घ्यायची गोष्ट, कमवायची नव्हे. पण मग माझा साधा प्रश्न आहे. कृपा जर पूर्ण फुकट असेल, तर घेणाऱ्यावर काहीच बंधन नाही का? माळ घातली की माणसावर काही गोष्टी येतात, मांसाहार सुटतो, एकादशी येते, खोटं बोलताना जीभ अडखळते.

---

वसईची_लेक

वाटसरू यांचा प्रश्न नेमका आहे. रोमी जगात देणगी म्हणजे काय हे पाहिलं की उत्तर सापडतं. तिथला धनवान आश्रयदाता सहसा लायक माणूस शोधून देणगी द्यायचा आणि घेणारा आयुष्यभर त्याच्याशी निष्ठेने बांधला जायचा. पौलाने या रिवाजातला पहिला भाग मोडला. देवाची कृपा लायकी न बघता येते. पण दुसरा भाग त्याने मोडला नाही. कृपा घेतलेल्या माणसाचं जगणं आता देणाऱ्याचं झालं, हे तो रोम 6 मध्ये स्वच्छ सांगतो. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहू का, असा प्रश्न तो स्वतःच विचारतो आणि 'कदापि नाही' म्हणतो.

आता पाळकसाहेबांना. मी कॅथलिक आहे आणि 'तुम्ही लोक कर्मांनी तारण कमावता' हे लहानपणापासून ऐकत आलेय. त्रेंतच्या कॅथलिक धर्मपरिषदेने 1547 साली या विषयावर आदेश काढला, त्यातच लिहिलंय की नीतिमान ठरण्याच्या आधीचं काहीही, ना विश्वास ना कृत्यं, त्या कृपेला पात्र करत नाही. आणि 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि लुथरन यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो आणि सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, असं दोघांनी मिळून म्हटलं. 2006 मध्ये मेथडिस्ट आणि 2017 मध्ये सुधारित (रिफॉर्म्ड) मंडळ्याही त्यात आल्या. आपल्या गावांत मात्र अजून जुनीच भांडणं चाललीत.

आमच्या पापनिवेदनाचा क्रमही पाहा. गोव्याकडे त्याला कुमसार म्हणतात. माणूस पाप कबूल करतो, धर्मगुरू प्रायश्चित्त सांगतात, आणि क्षमेचे शब्द तिथेच उच्चारले जातात. प्रायश्चित्त साधारणपणे नंतर, बाहेर येऊन करायचं असतं. म्हणजे क्षमा त्याच्यासाठी थांबून राहत नाही. पण 'क्षमा मिळाली, आता प्रायश्चित्त कशाला' म्हणून उठून गेलेला माणूस खरंच पश्चात्ताप करून आला होता का, हा प्रश्न उरतोच. म्हणून माझं मत धागाकर्त्यांच्या बाजूने.

---

विदर्भातला_पाळक

बहिणाबाई, 1999 ची घोषणा चांगलीच आहे, पण तिने सगळं मिटलं असं समजू नका. नीतिमान ठरवलेला माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, या मार्टिन लूथरच्या (ज्याच्यावरून लुथरन हे नाव आलं) म्हणण्यावर दोन्ही बाजूंची मांडणी त्या घोषणेतसुद्धा वेगवेगळीच नोंदवलीय. आणि मरणाऱ्या माणसाला याच एका गोष्टीचा आधार असतो, की आतून मी अजून पापीच आहे तरीही निकाल माझ्या बाजूने लागलाय.

---

नगरी_मळा

पाळकसाहेब, खाटेवरच्या माणसाजवळ मी बसलो तर मीही तुमच्याच ओळी वाचेन. त्याबद्दल वाद नाही. माझा वाद धडधाकट माणसाशी आहे. मरणाऱ्याचं औषध आपण निरोगी माणसाला रोज पाजतोय आणि तो त्याने सुस्त होत चाललाय.

'कर्मांनी नव्हे' हे पौल पहिल्यांदा कुठल्या प्रसंगावरून म्हणतो, तेही बघा. गलती 2. अंत्योखिया शहरात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, बांधवांच्या पंगतीला बसून जेवत होता. यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली आणि हा घाबरून पंगतीतून उठला. त्याचं पाहून बाकीचे यहूदी, अगदी बर्णबासुद्धा उठला. पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला झापलं आणि त्याच बोलण्यात, विश्वासाने नीतिमान ठरतो, नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, हे वाक्य आलं. म्हणजे ही शिकवण जन्मली तीच पंगतीच्या भांडणात! कोण कुणाबरोबर जेवणार या प्रश्नात. तीच शिकवण घेऊन आपण लग्न जुळवताना आधी पूर्वीची जात विचारतो आणि वर म्हणतो की वागण्याचा तारणाशी संबंध नाही. पेत्राचं पंगतीतून उठणं पौलाच्या लेखी शुभवर्तमानाच्या सत्याला सोडून वागणं होतं (गलती 2:14). मतं त्याची बरोबर होती, चुकलं ते वागणं.

---

विदर्भातला_पाळक

अंत्योखियाचा मुद्दा जोरदार आहे आणि जातीबद्दल आपल्या मंडळ्यांना कोरडे ओढायलाच हवेत. पण पौल सुंता आणि पंगत यांच्यावरच थांबत नाही. रोम 4:4 मध्ये तो साधं मजुराचं उदाहरण देतो. काम करणाऱ्याला मजुरी मिळते ती कृपा म्हणून नव्हे, त्याचा हक्क म्हणून. तिथे तो कमाईच्या सगळ्याच विचाराला हात घालतोय. आणि अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याच्या नीतिमत्त्वात मोजलं गेलं, हे उत्पत्तीच्या 15व्या अध्यायात आहे. सुंता येते 17व्यात. आधी निकाल, खूण नंतर.

---

वसईची_लेक

आणि तीच ओळ याकोब घेतो (2:23), पण उत्पत्तीच्या 22व्या अध्यायात अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला अर्पण करायला निघतो, त्या प्रसंगाला जोडून. ती ओळ तिथे पूर्ण झाली असं तो म्हणतो. 'केवळ विश्वासाने' ही शब्दांची जोडी अख्ख्या नव्या करारात याकोब 2:24 मध्येच येते आणि तिच्याबरोबर 'नव्हे' आहे. लूथरला हे पत्र खटकायचं, 1522 साली त्याने त्याला गवताचं पत्र म्हटलं. पण मंडळीने ते पत्र ठेवलंय. पौल आणि याकोब दोघांनाही एकाच पुस्तकात ठेवलंय.

---

पंढरीचा_वाटसरू

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. लायकी बघत नाही, पण घेतल्यावर माणूस त्याचा होतो. हे मला कळतं.

---

धाकटी

मी इथे लिहीत नाही, वाचते. आज लिहावंसं वाटलं, कारण ज्या बहिणीचा सगळे उल्लेख करताहेत ती मी आहे. म्हणजे तशा अनेकींपैकी एक. वडील गेल्यावर तेराव्या महिन्यात तलाठी कार्यालयाबाहेर चहाच्या टपरीवर मला कागद दिला गेला. 'फक्त सातबारा नीट करायला लागतं' म्हणाले. मी सही केली. भाऊ मंडळीत वडील (एल्डर, कारभार पाहणारा) आहे, प्रार्थना फार सुंदर करतो, ऐकताना माझ्याही डोळ्यांत पाणी येतं.

मी त्याला क्षमा केली आहे. जमीन परत मिळेल या आशेने नव्हे, क्षमा करायची म्हणून केली. त्यामुळे पाळकसाहेब, क्षमा आधी येते हे तुमचं म्हणणं मला पटतं, मी ते करून पाहिलंय. पण तुम्हा सगळ्यांच्या चर्चेत जक्कय आहे, येशू आहे, कुरकुरणारे लोक आहेत. ज्यांचे पैसे त्याने लुबाडले होते ती यरीहोची माणसं कुठेच नाहीत. त्यांच्या दारात दुसऱ्या दिवशी चौपट रक्कम आली असेल. जक्कयाचं तारण झालं की नाही हे त्यांना दुसऱ्या कशावरून कळणार होतं? माझ्या भावाचं तारण झालंय की नाही हे देव जाणे, मी त्याचा न्याय करत नाही. त्याची साक्ष मला मात्र अजून मिळालेली नाही.

मत्तय 5:23-24 मध्ये येशू म्हणतो की वेदीजवळ अर्पण आणल्यावर, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. प्रभुभोजनाच्या आधी ही वचनं वाचलेली मी आमच्याकडे कधी ऐकली नाहीत. तिथे 1 करिंथ 11 वाचतात, 'आत्मपरीक्षा करावी' म्हणतात, आणि सगळे डोळे मिटून आपापल्या मनातल्या वाईट विचारांची क्षमा मागतात. त्याच अध्यायात पौल ज्या गोष्टीवर चिडलाय ती म्हणजे काही जण पोटभर जेवतात आणि शेजारचे उपाशी राहतात. तो भाग वगळला जातो.

पाळकसाहेब, तुम्ही तुमच्या मंडळीत तो पूर्ण वाचाल का?

---

विदर्भातला_पाळक

वाचेन, ताई. येत्या प्रभुभोजनाला 1 करिंथ 11 सतराव्या वचनापासून वाचेन आणि मत्तय 5 ची ती दोन वचनंही. 'कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालं आहे' हे इफिस 2:8 मात्र त्यांच्या आधी वाचेन, तो क्रम मी सोडणार नाही.

---

नगरी_मळा

इफिस 2:8 वाचाल तेव्हा नवव्यावर थांबू नका. दहावं वचन त्याच परिच्छेदात आहे, सत्कृत्यांसाठी आपण ख्रिस्त येशूमध्ये निर्माण केलेले आहोत.