खाजणाच्या बांधावरचं हे झुडूप कुठलं? ठेवू का काढू?

खारेपाटकर
मंडळी, अलिबागजवळ आमच्या खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या) बांधावर, उघाडीच्या (पाणी सोडायच्या-अडवायच्या दाराच्या) जरा अलीकडे एक झुडूप वाढलंय, डोक्याच्या वर गेलंय, फांद्या खाली लोंबतात. उधाणाचं पाणी बुंध्याला लागतं, उन्हात बाजूची माती मिठाने पांढरी पडते तरी हे हिरवंगार. पानं जाडसर, समोरासमोर, दोन्ही बाजूंनी सारखीच हिरवी, म्हणजे तिवर नाही (त्या खारफुटीचं पान खालून पांढुरकं असतं). बारीक गुलाबी-लाल फळांचे घोस आलेत. बांधाचं काम काढलंय आणि जेसीबीवाला म्हणतो उपटून टाकू. काय आहे हे?

किनारा
आधी पान तोडून बघा. पांढरा चीक आला तर गेवा, तीही खारफुटीच, मग हात डोळ्यांकडे अजिबात नेऊ नका, डोळ्यांना फार वाईट. पण गेव्याची पानं एकाआड एक असतात, तुम्ही समोरासमोर म्हणताय.

माडबन
कोयनेल असेल, बांधावर भरपूर असते.

किनारा
कोयनेलला लांब नळीची पांढरी फुलं येतात, आणि फळ लाल नसतं.

खारेपाटकर
चीक नाही. पान चुरगळलं तर मोहरी वाटल्यासारखा वास आला, नाकात झणकाच बसला!

रानवाट
मग पिलूच, खाकण पण म्हणतात. शास्त्रीय नाव साल्वाडोरा पर्सिका. हाजी लोक मिसवाकचं दातण आणतात ना, ते याचंच. झाड खरं वाळवंटातलं, राजस्थानात खारी जाळ म्हणतात, कच्छमधे आहे, पार अरबस्तान-आफ्रिकेपर्यंत आहे. आपल्याकडे एवढा पाऊस असून ते खाजणात कसं, तर खाऱ्या मातीत पाणी असलं तरी मिठामुळे मुळांना ते ओढता येत नाही, झाडाच्या दृष्टीने तो दुष्काळच, आणि दुष्काळाची याला सवय. जाड पानात पाणी साठवतं म्हणून आत आलेलं मीठही सौम्य पडतं. कच्छकडे याचा भाऊ आहे, गोडी जाळ, त्याची फळं पिवळी आणि गोड. तुमची गुलाबी-लाल आहेत म्हणजे हे खारंच, पिकलेलं फळ खाऊन बघा, गोडसर लागून मग तिखट लागेल.

आणि कृपा करून उपटू नका हो! मुळांनी बांधाची माती धरलीय, ती सैल झाली की पुढच्या उधाणाला पाणी तिथूनच घुसणार. शिवाय बांधाबाहेर तिवरं असतील तर जेसीबी लावण्याआधी वनखात्याला विचारा, २००५ पासून कांदळवन, म्हणजे तिवरांसारखी खारफुटी, तोडायला हायकोर्टाची बंदी आहे.

खारेपाटकर
तिवरं आहेत बाहेरच्या अंगाला. जेसीबीवाल्याला आत्ताच फोन करून थांबवतो. याच्या बिया बांधाच्या उरलेल्या भागात लावल्या तर येतील का?

रानवाट
येतील. पिकलेल्या फळाचा गर धुऊन ताज्या बियाच पिशवीत लावा, गोड्या पाण्यावर रोप वाढवा आणि पावसाळ्यात, माती धुऊन खार उतरला की बांधावर न्या. सुरुवातीला गुरांपासून जपा, उंट-बकऱ्यांचा आवडता पाला आहे तो.