ऑफिसातला दानधर्म: ऐच्छिक की ‘ऐच्छिक’?

घणसोलीकर
ऑक्टोबर उजाडला की आमच्या महाप्याच्या ऑफिसात सगळ्यांना एकदम पाझर फुटतो. दानोत्सव, २ ते ८ ऑक्टोबर. गेल्या वर्षी मेल आला: ‘सहभाग पूर्णपणे ऐच्छिक. कृपया गुरुवारपर्यंत रक्कम कळवावी.’ शुक्रवारी पँट्रीजवळच्या टीव्हीवर विभागवार टक्केवारी झळकली. अकाउंट्स ९६ टक्के. अकाउंट्समध्ये माणसं २५. म्हणजे उरलेले ४ टक्के मी.

दिले शेवटी ५०० रुपये. त्यातून ब्लँकेटं आली, ऑक्टोबरच्या उकाड्यात. येऊरच्या पाड्यावर वाटायची ठरली, पण बस मिळाली नाही. मग खाली पार्किंगमध्येच हाउसकीपिंगच्या मावशींना वाटली. फोटोसाठी त्यांना युनिफॉर्म बदलून यायला सांगितलं, कारण ‘त्या गरजू वाटत नव्हत्या’. त्याच मावशींकडून सकाळी ५०-५० रुपये वर्गणी घेतली होती!

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक आकारापुढच्या कंपनीने आधीच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. कंपनीने, स्वतःच्या नफ्यातून. आमच्या खिशाचा यात संबंध काय?

रबाळे_एचआर
दादा, ते २ टक्के वेगळे, हे वेगळं. दोन्हीची सरमिसळ तुम्हीच करताय. मी हे सगळं करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून सांगते. आम्ही एका वर्षी टक्केवारी न लावता नुसती पेटी ठेवली. १५ दिवसांनी उघडली. आत ८ रुपये, ठाणे-वाशीचं जुनं रिटर्न तिकीट आणि ‘एसी कमी करा’ अशी चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन सह्या होत्या.

आपल्याकडे चारचौघांत विचारल्याशिवाय कोणाचा हात खिशात जात नाही. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी तुम्ही काय स्वतःहून द्यायला जाता? आणि रक्तदानाचं काय म्हणाल? मे महिन्यात कॉलेजं बंद, अर्धे लोक गावी. रक्तपेढ्यांची तेव्हा ओढाताण असते, अशा वेळी ऑफिसातली शिबिरंच उपयोगी पडतात.

घणसोलीकर
रक्तदानावर माझा आक्षेप नाही, मी स्वतः देतो. पण तिथेही तेच. आमच्या साहेबांचं हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली निघालं, डॉक्टरांनी परत पाठवलं. प्रशस्तिपत्र मिळालंच, आधीच छापलं होतं म्हणून. मला महिन्याभरात पुन्हा विचारणा, ‘आकडा थोडा कमी पडतोय.’ पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर लागतं हो! त्यावर उत्तर काय? ‘मग निदान फोटोला तरी या.’

आणि गणपतीच्या वर्गणीची पावती मिळते. वर मोदक.

ऐरोली_लोकल
पावतीवरून आठवलं. तुमच्या ५०० ची ८०जी पावती (देणगीवर करसवलत मिळवून देणारी) कोणाच्या नावाने निघाली, ते एकदा बघा. (नवी करप्रणाली घेतली असेल तर नका बघू, तिथे ८०जी मिळतच नाही. उगाच त्रास.)

रबाळे_एचआर
पावती संस्थेला विचारून मिळवून देता येते, आमच्याकडे देतो. मावशींना कपडे बदलायला लावणं मात्र चूकच, ते मी झाकणार नाही. पण एका फोटोपायी अख्खा उपक्रम भिकार ठरवू नका. ब्लँकेटं खरी होती ना?

तुर्भे_सुपरवायझर
मी हाउसकीपिंगच्या ठेकेदाराकडे होतो. ऑफिस दुसरं, पण प्रकार सेम. तुम्ही दोघं भांडताय त्यातलं आमच्या मावशींना काहीच लागलं नव्हतं. कपडे बदलायला सांगितले तर हसल्या, एकीने तर गजरा माळला. ब्लँकेटही आवडलं. एक म्हणाली, ५० रुपयांत ब्लँकेट, भिशीपेक्षा बरं.

फक्त आमचा पगार दर महिन्याला १०-१२ दिवस उशिरा व्हायचा. ते त्या टीव्हीवर टक्केवारीत लावता येईल का, एवढंच त्यांनी मला विचारायला सांगितलं होतं. मी नाही विचारलं.