थळ घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन: काटकसर की नाइलाज?

घाटमाथा: १८६५ साली कसारा–इगतपुरी मार्ग सुरू झाला तेव्हा गाडी घाटात मध्येच थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जाई आणि गाडी उलट तोंडाने पुढचा चढ चढे. ते स्टेशन मार्ग बदलल्यावर ओसाड पडलं. माझ्या मते ही जीआयपीची (मार्ग बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची) निव्वळ काटकसर. दर गाडीला कपलिंग (इंजिन-डबे जोडणारा आकडा) सोडा, रूळ बदलणारे सांधे फिरवा, इंजिन वळसा घालून आणा, पुन्हा जोडा. गाडीची लांबी बंद टोकाच्या रुळांपुरतीच. चार डबे जास्त झाले की शेपूट सांध्यावर.

ओढा लूप: चढाचाही हिशोब मांडा की! सव्वानऊ मैलांत ९७२ फूट, म्हणजे सरासरी ५० ला १ (५० फुटांमागे १ फूट चढ), आणि कडक टप्पे ३७ ला १. तिथे हजार टनांच्या गाडीला नुसता उतार २७ टनांनी मागे खेचतो. त्यात आवळ वळण दिलं तर चाकाची कड रुळाला घासते, ओढ आणखी वाढते. मोठं वळण बसवायला डोंगराच्या सोंडेवर जागा नाही.

घाटमाथा: मग बोगदा मारायचा. तेरा मारलेच ना?

ओढा लूप: छिन्नी, घण आणि काळ्या दारूनं. डायनामाइटचं पेटंट १८६७ चं, घाट त्याआधीच पुरा झालेला. चौदावा किती लांब हवा होता, तेही सांगा.

इगतपुरी बँकर: दोघंही उतरणीचं विसरलात. खाली येणारी गाडी तिथे थांबायचीच, त्यामुळे ब्रेक धरतो की नाही ते अर्ध्या घाटातच कळे.

घाटमाथा: आणि नाही धरला तर? पुढे रुळाच्या टोकाचा बफर, पलीकडे दरी. त्यापेक्षा कॅच साइडिंग बरी, म्हणजे सुटलेल्या गाडीसाठी बाजूला काढलेला फाटा. तिचा रूळ वर चढतो, म्हणून सुटलेली गाडी आपोआप मंदावते. सांधा एरवी तिकडेच लावलेला. गाडी थांबल्यावरच मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक तपासायला उलटं तोंड करायची गरज काय?

इगतपुरी बँकर: कॅच साइडिंगचं मान्य. पण नव्या आखणीनं चढ पुसला असं समजू नका. ३७ ला १ आजही आहे, म्हणून कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. सगळी ताकद पुढूनच लावली तर इंजिनामागच्या पहिल्याच कपलिंगवर अख्ख्या गाडीचा ताण येतो, आणि तुटतं ते तिथेच.